चोवीस जूनचे कागद

प्रिय चित्रकार नातीस,

तुझ्या कलाकृतीशेजारी लावायचे टिपण मिळाले. केवळ शुद्धलेखन तपासावे, असे तू लिहिले आहेस. एक अनुस्वार आणि एक वेलांटी, अशा दोनच दुरुस्त्या केल्या. भाषा नेटकी आहे. तिसऱ्या वाक्यातील हकीकत मात्र चुकीची आहे. तुझी आई पोटुशी असताना माहेरच्या दाराशी आली, तेव्हा आजीने तिला भेटायचे नाकारले आणि शिवणयंत्र चालूच ठेवले, असे तू लिहितेस. हे तुला तुझ्या आईने सांगितले आणि प्रामाणिकपणे सांगितले, याविषयी मला शंका नाही. तरीही ते चुकीचे आहे.

जानेवारीत तू आलीस, ती हिरमुसलेली. घरातल्या एखाद्या वस्तूपासून सुरुवात करा, असे तुझ्या सरांनी बजावले होते आणि तुला काही केल्या प्रेरणा मिळत नव्हती. बत्तीस वर्षे वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करताना माझी प्रेरणा रोज सायंकाळी सहाला ओल्या कागदांवरून येत असे आणि आठच्या आत तिला परत धाडावे लागे, असे म्हणून मी तुझी थट्टा केली. मग तू कपाटावरचे आजीचे गाठोडे खाली काढलेस. कापडाला कात्री लावण्यापूर्वी ती मी आणलेल्या वर्तमानपत्रावर माप बेतत असे. ते सारे कागद तिने जपून ठेवले होते. तू एकेक मुंढा, एकेक बाही खिडकीच्या काचेवर धरून पाहू लागलीस. तुझा चहा गार झाला. पाहताना मान तिरकी करण्याची तुझी लकब थेट तुझ्या आईची आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन लावलेलीच भांडी पुन्हा लावत बसलो.

आता त्याच कागदांवर तू रंगाचे थर दिले आहेस, लाल दोऱ्याने ते कॅनव्हासवर टाचले आहेस, मागे शिवणयंत्राचा आवाज लावणार आहेस आणि कलाकृतीला ‘न थांबलेले यंत्र’ असे नाव दिले आहेस. रंगाचा हात तुला तुझ्या बाबांकडून मिळाला. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. त्या पाट्यांवरील अशुद्ध लेखनामुळेच हा जावई मला नको होता, असे मी चारचौघांत सांगे आणि लोक हसत. मुलीने मला न विचारता लग्न केले, हे माझ्या पचनी पडले नव्हते, एवढेच खरे.

ती आली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आतल्या खोलीत तुझी आजी शाळेच्या चाळीस गणवेशांच्या कामाला जुंपलेली होती. यंत्राच्या खडखडाटात तिला दाराची कडीही ऐकू येत नसे. दार मी उघडले. तुझ्या आईच्या हातात फळांची पिशवी होती आणि चपला तिने आधीच काढून ठेवल्या होत्या. मी मधले दार ओढून घेतले आणि म्हणालो, “ती तुला भेटणार नाही.” यंत्र थांबते का, हे ऐकत तुझी आई उभी राहिली. ते थांबले नाही. चपला घालताना तिला वाकायला त्रास झाला. कोण होते, असे आजीने नंतर विचारले. कोणीतरी पत्ता चुकून आले होते, असे मी सांगितले.

तुझ्या जन्माची बातमी शेजारच्या परिचारिकेने आणली. आजी दिवसभर जेवली नाही. जायचे आहे का, असे मी विचारले, तेव्हा ती एवढेच बोलली, “ती एकदा तरी दाराशी आली असती ना, तर मी धावत गेले असते.” सांगण्याची वेळ तीच होती. मी चष्मा पुसत राहिलो. पुढच्या वर्षी सांगणे अधिक अवघड झाले, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहूनही. आजी गेल्याचा निरोप मी पाठवला, पण तुझी आई आली नाही. तिने का यावे?

लहान मापांचे कागद शेजारच्या मुलांच्या कपड्यांचे असावेत, असे तू लिहिले आहेस. त्यांतले चार फारच चिमुकले म्हणून तू इथे ठेवून गेलीस. परवा ते मी टेबलावर पसरले. समासातली बारीक तारीख तुझ्या नजरेतून सुटली असेल. माझा तो धंदाच होता. चारही अंक चोवीस जूनचे होते, लागोपाठच्या चार वर्षांचे. मग भिंग घेऊन तू पाठवलेली छायाचित्रे तपासली. त्यांतले लहान मापांचे नऊही कागद चोवीस जूनचेच. तुझ्या वाढदिवशीचा अंक ती तेरा वर्षे बाजूला ठेवत होती आणि कधी न पाहिलेल्या नातीचे माप अंदाजाने बेतत होती. कापड तिने एकदाही आणले नाही. ते अंक मी स्वतः तपासून छपाईला सोडलेले होते, आणि माझ्याच घरात ते कशासाठी कापले जात आहेत, हे मला कळले नाही.

तुझी कलाकृती कशी असावी, हे सांगणारा मी कोण? त्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. तुझ्या आईला आजवर मी अकरा पत्रे लिहायला घेतली. प्रत्येक पत्र मायन्यापाशीच अडले. ‘प्रिय’ म्हणण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, हे ठरवता आले नाही. म्हणून तुला लिहिले. प्रदर्शन उघडण्यापूर्वी हे पत्र तिच्या हाती दे. तिने मला क्षमा करावी, असे माझे म्हणणे नाही. तिच्या आईने तिला परत पाठवले नव्हते, एवढे तिला कळू दे. त्या कागदांसमोर तिला एकटीने उभे राहायचे असेल, तर मी त्या दिवशी येणार नाही. मी यावे, असे तिला वाटलेच, तर तिची एक ओळ पुरे. ती मी तपासणार नाही.

तुझाच,
आजोबा

शुद्धिपत्र

१९ फेब्रुवारी, दुपारी तीन. टिपणात: आजीने भेट नाकारली. वाचावे: आजोबांनी नाकारली, आजीला कळले नाही.

२४ जून, तुझ्या जन्माचे वर्ष. टिपणात: शेजारच्या बाळाचे झबले. वाचावे: तुझे.

११ ऑगस्ट, आजीच्या निधनाचा दिवस. टिपणात: तोवर तिचे बेतणे-शिवणे सुटून बरीच वर्षे झाली होती. वाचावे: अठ्ठेचाळीस दिवस. शेवटचा कागद २४ जूनचा, बारा वर्षांच्या मुलीच्या झग्याचा. बाहीला दोन बोटे वाढ धरलेली आहे.