यादीतून मॉनिटर खोडला

छोट्या,

दुकानात जायच्या आधी हे वाच. नव्या कॉम्प्युटरच्या यादीतला माझ्या एडिटिंगसाठीचा महागडा मॉनिटर मी खोडलाय. त्याऐवजी तुझ्या गेम्ससाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड घे, भिडेखातर साधं उचलू नकोस. प्रोसेसर आपला ठरलाय तोच.

शाळेची फिल्म परत आली, सगळ्या पोरांचे चेहरे लालबुंद म्हणून, तेव्हा मी मॉनिटरच्या नावाने खडे फोडले होते. काल डॉक्टरांकडे गेले होते. दोष माझ्या डोळ्यांत आहे, आणि तो वाढत जाणार. ते चेहरे मला अजूनही ठीकच दिसतात.

हातातली कामं परत द्यायला चाललेय. आईला मीच सांगेन.

जुना मॉनिटर भंगारात देऊ नकोस. बिचाऱ्यावर उगाच आळ घेतला मी.

ताई