परत न आलेली गिऱ्हाइकं

प्रिय खरखऱ्या,

खोकं उघडल्या उघडल्या खाली हात घालू नकोस. आधी हे पत्र वाच, मग बाकीचं. तुझी सवय मला माहीत आहे. बाबांनी दुकानातून काही आणलं की त्यांच्या हातातली पिशवी खाली टेकायच्या आत तू ती फाडलेली असायची. तुझं हे नावही त्यांचंच. पाळण्यात असताना तू रडायचास तो मोठ्यानं नाही, नुसता कुरकुर कुरकुर, आणि बाबा म्हणायचे की पोरगा रेडिओच्या दोन स्टेशनांच्या मधे अडकलाय. आता चाळिशी गाठलीस तरी मला दुसरं नाव सुचत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं असं म्हणशील. नसतं आलं. बाबांचा पलंग आता पुढच्या खोलीत हलवलाय, आणि मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी त्यांना ऐकू जातं. बाकी शरीर गेलं, कान तेवढे रेडिओवाल्याचे राहिलेत. आडपडदा न ठेवता सांगते, त्यांची फुप्फुसं आता साथ देत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी घरी न्यायला सांगितलं, आणि घरी न्या म्हणजे काय ते कळण्याइतके आपण मोठे आहोत. माणूस म्हातारा होतो आणि जातो, त्याला माझा इलाज नाही. मला सहन होत नाही ते वेगळंच. आपण जन्मभर वाईट काम केलं, अशी त्यांची समजूत झाली आहे आणि ती घेऊनच ते चाललेत. ती समजूत त्यांच्या डोक्यात कशी शिरली हे तुला कळायला हवं, कारण ती माझ्या ऑफिसातून आमच्या घरात आली.

तू मागे चेष्टेनं विचारलं होतंस की ताई, तुला ना चित्र काढता येतं ना कॉम्प्युटरची भाषा, मग खेळ बनवणाऱ्या कंपनीत तू करतेस काय? मी खेळातली माणसं ठरवते. आमचा खेळ साधा आहे. एक गल्ली, तिच्यात दुरुस्तीचं दुकान, आणि खेळणारा त्या दुकानाचा मालक. कल्पना कुठून आली ते सांगायला नको. ऑफिसच्या भिंतीवर आम्ही चार प्रकारच्या खेळाडूंची चित्रं लावली आहेत, शाळेतली पोरगी, कॉलेजातला पोरगा, कामावरून थकून आलेली बाई आणि रिटायर्ड काका. प्रत्येकाला धरून ठेवायचा फास वेगळा. पोरीसाठी दुकानात लंगडं मांजर ठेवलंय, डोळे तोंडापेक्षा मोठे. डोळे मोठे केले की मुलांचा पाय निघत नाही. कॉलेजवाल्यासाठी समोरच्या फुटपाथवर दुसरा दुरुस्तीवाला बसवलाय, काळा शर्ट, कपाळावर व्रण. तो व्रण कशाचा हे निम्मा खेळ झाल्याशिवाय कळत नाही, आणि त्याच्यावर कुरघोडी करण्यापायी पोरं जेवण विसरतात. थकलेल्या बाईला मात्र माणूसच नको असतो. तिला स्क्रूचे खण दिलेत, रंगानुसार लावायचे, बरोबर लागला की टक्क आवाज. दिवसभर लोकांचं ऐकून आल्यावर तेवढाच आवाज तिला पुरतो.

काका मात्र कुणाला साधेनात. साहेब म्हणाले, त्यांना बक्षिसं द्या, टाळ्या वाजवा. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला टाळ्या नको असतात, त्याला कुणाचं तरी अडलेलं हवं असतं. हे मला घरातच कळलं होतं. हाताला कंप सुटून दुकान बंद झाल्यावर बाबा शेजारणीची इस्त्री बिघडायची वाट बघत खिडकीत बसायचे. मग मी रेडिओवाल्या आजी घडवल्या. डोळ्यांनी अधू, घरात एकट्या, हातात फडक्यात गुंडाळलेला छोटा रेडिओ. त्या म्हणतात, हा बोलतो तेवढंच माझ्या घरात बोलणं. आपण तो दुरुस्त करायचा, त्या तोंडभर आशीर्वाद देऊन जातात, आणि काही दिवसांनी तोच रेडिओ घेऊन परत येतात. कारण सगळं दुरुस्त झालं की काका खेळ मिटवून ठेवतात आणि पुन्हा उघडत नाहीत. म्हणून तो रेडिओ टिकूच द्यायचा नाही, हे मीच ठरवलं. युक्ती अशी काही लागू पडली की देशोदेशीचे म्हातारे आजींसाठी सकाळी उठून खेळ उघडायला लागले. ऑफिसात माझं नाव झालं, मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

एका टॅब्लेटवर तो खेळ घालून मी बाबांना आणून दिला. म्हाताऱ्यांसाठी आम्ही बटणं मोठी ठेवली आहेत आणि बोट थरथरलं तरी खेळ ते सांभाळून घेतो, तार जागेवरच बसते. बाबांनी पहिल्यांदा पडद्यावर तारेच्या जोडाला डाग दिला, सोल्डरचा थेंब नेमका पडला, आणि ते पडद्याकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघत बसले. मग मला म्हणाले, हात अजून आहे गं. त्या दिवशी ते पोटभर जेवले. आई गेल्यापासून मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं.

मग रेडिओ परत आला. तुला दुकानातला त्यांचा नियम आठवत असेल, त्याच दुखण्यासाठी वस्तू परत आली तर दुरुस्ती फुकट आणि वर चहा माझ्याकडून. तो चहा त्यांनी कधी कुणाला पाजला नाही, कारण कुणी परत आलंच नाही. गिऱ्हाईक पुन्हा दिसलं नाही हीच माझी पावती, असं ते ऐटीत सांगायचे. तुझ्यावरही तोच विनोद होता. तू घर सोडून परमुलखात गेल्यावर लोक विचारायचे, पोरगा येत नाही का हो? तेव्हा ते म्हणायचे, नीट दुरुस्त करून पाठवलाय, परत कशाला येईल? लोक हसायचे, तेही हसायचे, आणि मग उगाच चष्मा शोधायला लागायचे.

आजी दारात उभ्या राहून, पुन्हा बंद पडला हो भाऊ, असं म्हणाल्या तेव्हा बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. टॅब्लेटसमोर, हात जोडून. माफ करा म्हणाले. सगळा रेडिओ खोलून पुन्हा जोडला. तो पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला त्यांनी कपाटातला स्वतःचा जुना रेडिओ काढून शेजारी उघडा ठेवला आणि एकेक जोड ताडून पाहिला. दुपारची झोप गेली, ताटातलं तसंच राहायला लागलं. मी समजावलं की बाबा, हे आम्हीच असं केलंय, तुमची चूक नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तू माझीच पोर, माझं मन राखायला बोलतेस, म्हणाले. शेवटी रिक्षा करून त्यांना ऑफिसात नेलं आणि कॉम्प्युटरवर दाखवलं, हा बघा आकडा, इतके दिवस झाले की रेडिओ बंद पडतो. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, पण बिघाड कुठंय? मी म्हटलं, बिघाड नाहीच, तो नुसता बंद पडतो. ऑफिसातल्या सगळ्या पोरापोरींसमोर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी लहानपणी पाढे चुकले की ठेवायचे तसा, आणि म्हणाले, बाळ, बिघाडाशिवाय वस्तू बंद पडत नाही.

मी साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही, त्यांची आईही तोच खेळ खेळते. ते म्हणाले, ताई, रेडिओ टिकला तर आजी कशाला येतील, आणि आजी आल्या नाहीत तर काका कशाला येतील? माझंच वाक्य माझ्या गळ्यात. मग मी खेळाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आमच्या चष्मेवाल्या पोरीला हाताशी धरून फक्त बाबांच्या टॅब्लेटवरच्या खेळातलं ते रेडिओचं बंद पडणं गुपचूप काढून टाकलं. हात दाखवून अवलक्षण. रेडिओ बिघडायचा थांबला, आणि आजी यायच्या थांबल्या. त्यांना रेडिओ आणण्यापलीकडे दुसरं काम मी दिलंच नव्हतं. बाबा रोज दुकान उघडून वाट बघायचे. खेळातल्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आजींचं घर शोधायचे, पण मी आजींना घरही दिलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी मला शांतपणे विचारलं, म्हातारी गेली का गं? बंद रेडिओ उशाशी घेऊन गेली बिचारी, मग तेच म्हणाले, आणि टॅब्लेट उलटा करून ठेवला. आजींना परत आणता आलं असतं, पण त्या बिघडलेला रेडिओ घेऊनच आल्या असत्या. दुसरं काही मी त्यांना शिकवलेलं नाही.

आजींचं जाणं ते विसरले असते. पण त्यांच्या डोक्यात हिशेब उलटा फिरला. इतकी वर्षं गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणजे काम चोख झालं असं मी धरून चाललो, म्हणाले, पण कदाचित दोन दिवसांत बंद पडायचं आणि ती माणसं माझ्या नावानं बोटं मोडत दुसरीकडे जायची. जो परत येत नाही तो खूश आहे हे मला कुणी सांगितलं होतं? एकेक गिऱ्हाईक आठवून ते विचारत बसायचे, त्या शिंपीणबाईचा रेडिओ कसा असेल, त्या कंपाउंडरचा कसा असेल. ती बहुतेक माणसं आता हयातही नाहीत, विचारणार कुणाला? मी कामावर गेलेली असताना त्यांनी भंगारवाल्याला बोलावून सगळी हत्यारं देऊन टाकली, डाग द्यायची कांडी, काच फुटलेला मीटर, सगळं. भंगारवालासुद्धा दोनदा विचारून गेला म्हणे. त्यानंतर ते जे अंथरुणाला लागले ते लागलेच.

आणि मग त्यांनी तुझं नाव काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, विनोद न करता. तू निघालास त्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं, आता रेडिओ कोण ऐकतं असं तू त्यांना दुकानातच म्हणालास, आणि तरी संध्याकाळी त्यांनी स्वतः जुळवलेला छोटा रेडिओ टॉवेलात गुंडाळून तुझ्या हातात दिला. परवा छताकडे बघत म्हणाले, पोराचा तरी चालतो का, विचार त्याला. मी फोन उचलला तर माझं मनगट धरलं. नको विचारूस, म्हणाले. त्यांच्या हातात ताकद नाही राहिली, पण ते मनगट मला सोडवता आलं नाही. त्यांना उत्तराची भीती वाटते आहे, खरखऱ्या. तो परत आला नाही त्याचं कारणही तेच असेल, असं ते पुटपुटले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता खोक्यात हात घाल. कालच मी शेकायची पिशवी शोधायला माळ्यावर चढले होते. तुझ्या जुन्या रेनकोटच्या आत तो टॉवेल होता, त्यांनी बांधलेली गाठसुद्धा तशीच. तू तो रेडिओ नेलाच नव्हतास. मी तुला बोलत नाहीये, त्या दिवशी तुझ्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण त्यांना हे माहीत नाही, आणि माझा जीव गेला तरी कळू देणार नाही. म्हणून मी तो त्यांच्या उशाशी लावला नाही. सेल त्यांनी नेहमीसारखे काढून वेगळ्या कागदात बांधले होते. ते सेल फुटून त्यांचं पार पीठ झालंय, पण रेडिओच्या आत ओघळ नाही, गंज नाही. मी नवे सेल घातले, न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि आवाज अगदी बारीक करून कानाला लावला. पहिल्याच फिरकीला लागला रे. मी तिथंच बादलीवर बसून रडले. हे पत्र हातात पडलं की उशीर करू नकोस, इकडे यायच्या तयारीत वेळ घालवू नकोस, तेवढा वेळ नाही. फोन कर आणि बाबांना द्यायला सांग. बोलायला जमलं नाही तर बोलू नकोस. खोक्यातल्या रेडिओवर तिकडचं कुठलंही स्टेशन लाव, त्यांना भाषा कळली नाही तरी चालेल, आणि फोन रेडिओजवळ धरून ठेव. लागताना सुरुवातीला थोडी खरखर येते. ती ऐकू दे त्यांना.

वाट बघणारी, तुझीच,
ताई