काच म्हणून लिहू नये

गोठा झाडून झाला होता. कळण्याचे पीठ मळून परातीत झाकले होते. विहिरीवरून दुसरी घागर घेऊन आले तेव्हा मालक उंबऱ्यात उभे होते, एकाच पायात जोडा, हातात मुंबईहून आलेले पत्र. दहा वर्षांपूर्वीची ही सकाळ मला घागरीच्या वजनासकट आठवते. माझी बुद्धी शाबूत आहे की नाही, हे वाचणाऱ्याने यावरून ठरवावे.

मी रेवाबाई, पितांबर गोविंद पाटील, म्हणजे मालक, यांची विधवा, वय अदमासे बावन्न, राहणार कोरीट, तालुका नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. मला शाळेत कोणी घातले नाही. मालक औषधाच्या रिकाम्या बाटल्या घरी आणीत, त्यांवरच्या चिठ्ठ्या लावता लावता वाचायला आले. कोणाचा धाक नाही, भीड नाही. मागे राहणारे थोडेच आहे. त्यात दोन एक्स-रे प्लेटांचाही हिशेब आहे, आणि त्यांतल्या एकीवरून या घरात नऊ वर्षे न बोलता भांडण चालले. मुख्यतः त्यासाठी हे लिहिणे.

कलम पहिले. राहते घर मालकांनी हयातीतच माझ्या नावे केले. ते मी पुतणी शोभाबाई हिला देते. ती माझ्याजवळ बसून वाचायला शिकली. तिचे वडील, म्हणजे माझे दीर गिरधर, यांनी ओट्यावर खुशाल बसावे. आत काय कुठे ठेवायचे ते सांगू नये.

कलम दुसरे. खलबत्ता व पितळी काटा मालक कामाला होते त्या दवाखान्यास द्यावा. काटा डावीकडे किंचित झुकतो. मालकांना ठाऊक होते, नव्या माणसालाही सांगावे.

कलम तिसरे. दीर गिरधर यांना जकात कचेरीच्या शेवटच्या पत्राची नक्कल देते. ज्या पारावर ते बोलले, त्याच पारावर त्यांनी ती मोठ्याने वाचून घ्यावी. कारण असे. मालक नंदुरबारास डॉक्टर चुडामण यांच्याकडे कंपाउंडर होते. डॉक्टरांनी विलायतेहून एक्स-रेचे यंत्र मागवले. यंत्र आले, त्याची नळी मागाहून वेगळ्या पेटीत येणार होती. जकातीसाठी तिचे वर्णन मालकांनी लिहून पाठवले: काचसामान, एक नग. दवाखान्याआधी ते सात वर्षे कापसाच्या जीनमध्ये कारकून होते. तिथे सुटा भाग मागवताना तो कशाचा आहे तेच लिहीत. पट्टा असेल तर चामडे, दांडा असेल तर लोखंड. नळी काचेची, म्हणून काच. त्या सकाळी आलेल्या पत्रात मुंबईच्या जकात कचेरीने विचारले होते की काचेच्या एका नगाची एवढी किंमत कशी, आणि खुलासा होईपर्यंत पेटी बंदरावरच राहील.

गिरधर पारावर म्हणाले, "दादानी सरकारले ठगाडं. काच सांगीसन मशीन मंगाडं!"

त्या दिवसापासून मालक पारावरून जाईनात. बांधाबांधाने वळसा घालून नंदुरबारची वाट धरीत. मला एवढेच म्हणाले, "सात वरीस मी असंच लिखं. मन्ही काय चूक व्हयनी?"

मग डॉक्टर जकातीचे दरपत्रक घेऊन घरी आले. इंग्रजीतून वाचून सांगू लागले आणि मी चुलीपुढचे काम टाकून ऐकत राहिले. हिंग, छत्रीच्या काड्या, घोड्याचे नाल, बाजाच्या पेट्या, हस्तिदंत. जगात जे जे होते ते कोणीतरी बसून कलमाकलमाने मांडले होते. शेवटी एक कलम होते, इतरत्र न सांगितलेल्या वस्तूंचे. जी वस्तू अजून कोणी पाहिलीही नाही, तिच्यासाठीसुद्धा जागा राखलेली! देवळातही इतके थक्क व्हायला झाले नव्हते.

वैद्यकीय उपकरणांचे कलम निराळे होते. मी विचारले, "डॉक्टर, ह्या नळीमा तेल भरता येस का? दिवा लावता येस का? त्या मशीनबिगर ती कोन्या कामनी शे? मंग काचसामान कशी?"

डॉक्टर हसले. "वहिनी, हाई वाक्य मी आसंच लिखस."

तसेच लिहिले. वस्तू कशाची आहे ते नव्हे, कशासाठी आहे ते पाहावे. महिन्याने उत्तर आले: नळी उपकरणाचाच भाग धरली आहे, लिहिणाऱ्याचा हेतू खोटा दिसत नाही. हीच ती नक्कल.

कलम चौथे. नळी बसल्यावर डॉक्टरांनी पहिली प्लेट मालकांच्या हाताची काढली. ओली काच खिडकीशी धरली आणि मी पाहिले. पाची बोटांची हाडे, काड्या रचाव्यात तशी, आणि एका हाडाभोवती चांदीची अंगठी, कशालाच न टेकलेली. मालक हळूच म्हणाले, "हाऊ मन्हा हात शे?" त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास बसेना. मला वाटले, देवाने झाकून ठेवलेले आपण पाहतो आहोत, आणि देव रागावलेला नाही.

दुसरी प्लेट त्यांच्या छातीची. खोकला बरेच दिवस होता. श्रावणात मालक गेले. ही छातीची प्लेट दवाखान्यास देते. क्षयाची सावली कशी दिसते ते नव्या डॉक्टरांना तिच्यावरून दाखवावे.

कलम पाचवे. हाताच्या प्लेटेविषयी मी मसुद्यात लिहिले होते की ती माझ्या सरणावर माझ्या उजव्या हाताखाली ठेवावी. गेल्या पंधरवड्यात मसुदा घरात वाचला. सासूबाई दिवलीबाई, वय ऐंशीच्या पुढे, भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांनी ती प्लेट कधी पाहिली नाही. ज्या खोलीत ती टांगली होती तिथे त्या पाऊल ठेवीत नसत. म्हणाल्या, "रेवा, बाकीना हाडकं तवय तू तापीमा सोडात. हात तेवढा घरमा टांगी ठेयेल शे. मी डोया मिटानी वाट दखी ऱ्हायनू. पोऱ्याना हात आठे, मी जाऊ कशी?"

मी म्हणणार होते, "माय, ती काच शे."

शब्द ओठांशी आला आणि जकातीच्या कागदावरचे काचसामान आठवले. त्या प्लेटेचे त्यांच्या लेखी काय काम आहे, हे मी नऊ वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

म्हणून मसुद्यातले ते कलम रद्द समजावे. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना गाडीत बसवून तापीकाठी प्रकाशा गावी नेले आणि हाताची प्लेट त्यांच्या हातून तापीत सोडली.

सही: रेवाबाई पितांबर पाटील

बाईंनी सर्व मजकूर आमच्यासमोर स्वतः वाचून सही केली, त्याचे आम्ही साक्षी:
१. नवल धोंडू पाटील, कोरीट
२. धुडकू सखाराम माळी, कोरीट

मुक्काम कोरीट, तारीख ५ फेब्रुवारी १९३५