लाल झिरोचा बल्ब

पेण, मंगळवार, ऑगस्ट १९९६

ह्यांनी घरात लाल झिरोचा बल्ब लावलाय. म्हणे ट्यूब डोळ्यांना खुपते. तेव्हापासून समोर जेवायला बसले तरी ह्यांचा चेहरा धड दिसत नाय, बोलणंही आटलंय.

रंगवायला घरी आणलेल्या गणपतीचं लाल गंध काल दिसेचना. राहिलं वाटून पुन्हा काढलं, सकाळी बघते तर दुहेरी. लाल उजेड लाल रंग खातो. मग ह्यांना लपवायचंय ते लालच असणार. डोळे? रोह्याच्या कंपनीतून पिऊन येतात की काय?

आज हे आल्या आल्या मी ट्यूब लावली. डोळे लालभडक, पापण्या ओल्या. जवळ जाऊन वास घेतला. दारूचा नव्हता. हे रडून आले होते.

“बंद कर गो ती,” एवढंच म्हणाले.

केली बंद. दारू असती तर भांडता तरी आलं असतं.