फ्रिजमधला कंद

४ नोव्हें.
सकाळी शेजारचे मगदूमअण्णा गच्चीत. माझी रिकामी कुंडी बघून, "पावणं गेलं म्हणायचं!"
गेलं न्हाय, झोपलंय. ब्लडरूट नावाचं रोप. थंड मुलखातल्या जंगलातलं. उन्हाळ्यात पानं टाकतं, जागं व्हायला थंडी लागते. आपली थंडी म्हणजे नुसती स्वेटर मिरवायची हौस.
आज कंद काढला. बोटाएवढा, घट्ट. ओल्या शेवाळात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात.

११ नोव्हें.
खसखशीच्या कुळातलं, एवढंच बोललो. अण्णांनी गल्लीभर अफू केली. दूधवाला: "पोलीस येत्यात व्हय?" अफू ह्याची लांबची चुलती. चुलतीच्या गुन्ह्यात पुतण्याला धरता?
गेल्या साली नुसतं पान आलं. पांढरं फूल येतं, दोन दिवसांत झडतं. ह्याच गच्चीवर बघणार. बघणारच.

२ डिसें.
मेव्हणी कोडोलीहून. पिशवीभर ओली आंबेहळद. सौ.नं ठेवली त्याच कप्प्यात.

५ डिसें.
वर्कशॉपातनं आलो तर सौ. विळीवर, लोणच्याची तयारी. "अवो, हळदीतनं रगत आलं!" बोटं लालकेशरी. माझा कंद. दोन तुकडे.
ओरडलो. विषारी आहे, हात धू, चिरलेलं सगळं टाक. मेव्हणी रुसली. सौ.: "फ्रिजमधी इख ठेवायचं आन् वर मलाच बोलायचं?"

आवाज ऐकून अण्णा दारात. "आमी जैन, जमिनीखालचं खात न्हाय. वाचलो की!"
तुकडे त्यांच्या नाकासमोर धरले. रस गळत होता. "गेलं म्हणत हुतासा न्हवं? मेलेल्याला रगत येतंय व्हय?"


६ डिसें.
कापलेल्या तोंडांना राख लावली. कोंब फुटायचा डोळा एकाच तुकड्याला. दुसरा टाका, अण्णा म्हणे. न्हाय टाकणार. दोन्ही स्टीलच्या डब्यात, परत फ्रिजमध्ये. झाकणावर सौ.नं आपली मोठी लाल टिकली चिकटवली. धोक्याची खूण.

१८ जाने.
टाकीच्या सावलीत दोन कुंड्यांत दोन्ही तुकडे लावले. अण्णा: "बिनडोळ्याच्यातनं काय येनार, कपाळ?"

९ फेब्रु.
डोळ्याची कुंडी गप्प. बिनडोळ्याच्या कुंडीत मातीला केसाएवढी चीर. अण्णा म्हणाले, मुंगी.
सौ. चष्मा लावून बराच वेळ वाकून. "मुंगी न्हाय ही."
उकरून बघावं... न्हाय. हात खिशात.
दुपारी बघतो तर डब्यावरची टिकली त्या कुंडीवर.