कलावतीची सरासरी साखर १५३

३ जानेवारी, सकाळी ८
शुगरची मशीन आणली. डॉक्टर म्हणतात, महिन्याची सरासरी १८०च्या वर गेली तर कलावतीले इन्सुलिन. माझ्या घरात सुई येणार नाही. चौतीस वर्षं स्टील प्लांटमध्ये फर्नेसच्या लॉगबुकात सरासरी काढली, बायकोची काय मोठी गोष्ट. उपाशीपोटी एका तासात सहा रीडिंग घेतले. १२४ पासून ११८ पर्यंत. फर्स्ट क्लास. कलावती म्हणे, सहा बोटं टोचली, आता भांडी तुम्ही घासा. मी पेपर वाचाले घेतला.

५ जानेवारी
कुम्हारीले प्लांटमधल्या केवलरामच्या पोरीचं लग्न. कलावतीनं जिलब्या खाल्ल्या. मीच खा म्हटलं होतं, पण एक. घरी आल्यावर २९६. तरी सरासरी १४६. कंट्रोलमध्ये.

११ जानेवारी
सहा दिवस रीडिंग नाही. तिच्या पायाच्या अंगठ्याले चप्पल लागली, पाय दुखून राहिला. अशात मशीन लावून खराबच आकडा येईन. प्लांटमध्ये फर्नेस बंद असली का ते तास सरासरीत धरत नव्हतो. रकान्यात लाल पेनानं ‘शटडाऊन’ लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

१२ जानेवारी
पोरगी शिल्पा कोहक्याहून आली. आल्याआल्या मशीन लावली. ३१०. मग मलेच शिकवाले बसली. म्हणे, बाबा, ते सहा रीडिंग मिळून एकाच तासाचे, अन् मधला अख्खा हप्ता तुम्ही सोडून दिला. जो आकडा जितका वेळ राहिला, तितकं त्याले वजन द्या. मी म्हटलं, वजन पहिले तुझ्या आईचं कमी कर. चहा न पिताच गेली. एवढा राग कावून, समजलं नाही.

१३ जानेवारी
काल दुपारपासून कलावतीले उपाशी ठेवलं. चक्कर आली, पण रीडिंग पाहा. चार घेतले, चारही १३०च्या खाली. सरासरी १५३. अंगठा काळा पडून राहिला. सॉक्स घाल म्हटलं.

२१ जानेवारी
तिले ताप. शटडाऊन वाढवला. मशीनच्या स्ट्रिपांचा खर्च वाचला.

२७ जानेवारी
शिल्पा आईले दवाखान्यात घेऊन गेली. मले विचारलं पण नाही. तिथं एकच रक्त तपासलं. म्हणे यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी येते, एक दिवस सुटत नाही. मी म्हटलं, रक्ताले लॉगबुक कोणी शिकवलं. कोणी हसलं नाही. भरती केलं.

३० जानेवारी
अंगठा अन् बाजूचं बोट कापलं. इन्सुलिन चालू. मी वही घेऊन गेलो, सर्जनले १५३ दाखवले. त्यानं पानं उलटली अन् विचारलं, मधले दिवस कुठं गेले? मी म्हटलं, रीडिंग नव्हतं, म्हणून धरले नाहीत.
कलावती पलंगावरून म्हणे, मी तर होती न त्या दिवसांत.
मग तिनं भिंतीकडं तोंड केलं. शिल्पा म्हणे, बाबा, तुम्ही घरी जा.
घरी येऊन पुन्हा हिशेब केला. १५३च येते.