तिसऱ्या तबकडीवरचा शेरा

दांडिया बाजार, बडोदे
ता. ६ नोव्हेंबर १९३८, रविवार

प्रिय हेरंबदादास,

निरुपमेचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम. आईचा गुडघा बरा आहे, आणि भाऊबीजेला मी यंदाही चंद्रालाच ओवाळलं. तीन वर्षं ओवाळून घेतो, पण ओवाळणी म्हणून तबकात काही घालत नाही. भलताच चिकट आहे.

तुझ्या विनोदी बोलपटाच्या तिन्ही तबकड्या पुण्याहून सुखरूप पोचल्या. तिसरी बाबांच्या कानावर पडू देऊ नकोस, हे तुझं फर्मानही पोचलं. त्याकडे मग येते. आधी लोकांची मतं ऐक.

समोरच्या दत्ताजीरावांनी स्वतःचा कर्ण्याचा ग्रामोफोन आपल्या ओसरीवर आणला. मी मतं विचारायला तोंड उघडते तोच बाबा म्हणाले, "तोंडी अभिप्राय ग्राह्य नाही. लेखी द्या." वहिवाटदारी सोडून चार वर्षं झाली, पण कचेरी काही अंगातून जात नाही! स्वतः कागद आखून बसले. गाणारा कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुझं नाव मात्र कोणीच घेतलं नाही.

टकलावर लावायच्या तेलाचं गाणं लागलं आणि दत्ताजीराव इतके हसले की पगडी खाली पडली. मग गाणं कोणावर आहे ते सगळ्यांनाच दिसलं. शेजारच्या जमनाबेन ओरडल्या, "बहु सरस! फरी वगाडो!" आणि पुन्हा लावायचा हा आग्रह गुजरातीत लिहूनही दिला. वत्सलामावशीचं मत असं की पेटी बरी, तबला घाईत, आणि जावयाच्या गाण्यात सासूची बदनामी आहे. तेच गाणं तिने तीनदा लावायला लावलं. आईने लिहिलं, "आवाज बसलेला वाटतो. गरम पाणी पीत नसावा." एवढं लिहून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आता कबुली देते. तिसरी तबकडी मी जुन्या लुगड्यांच्या ट्रंकेत लपवली होती. मीच जाऊन ती काढली आणि मीच लावली. चुकून नव्हे, दादा. "बाबांनी बोलावल्याशिवाय या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही," असं म्हणून तू गेलास. बाबा तुझा विषय निघाला की वर्तमानपत्र उघडतात. तुम्ही दोघे सारखेच हट्टी. मी आणखी किती वर्षं चंद्राला ओवाळू?

गाणं सुरू झालं. पेन्शनर वहिवाटदार वरणावर शेरा मारतो, सुनेच्या रांगोळीवर शेरा मारतो, दूध सांडलं म्हणून मांजरीकडे लेखी खुलासा मागतो. पहिल्या कडव्याला सगळे खो खो हसले. दुसऱ्याला एकेकाच्या लक्षात यायला लागलं. तिसऱ्यात तू हुबेहूब बाबांसारखा खाकरलास आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. जमनाबेनसुद्धा खाली बघत राहिल्या.

तबकडी संपली. बाबा म्हणाले, "पुन्हा लावा."

लावली. खाकरण्याच्या जागी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता संपलं सगळं. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने डोळे पुसले, आणि दादा, ते हसत होते! इतके मोठ्याने, की आई हातात झारा घेऊन धावत बाहेर आली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! बाबांना असं हसताना मी तू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी दौत पुढे ओढली, शेरा लिहिला, खाली तारीख घालून सही केली आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "रजिस्टर टपालाने पाठव." मूळ कागद सोबत आहे, पण मला दम निघत नाही, म्हणून इथेही उतरवते:

"तपशिलात चूक आहे. वरणावर मी कधीही शेरा दिलेला नाही. तो आमटीवर होता. दुरुस्तीसाठी गाणाऱ्याने समक्ष हजर व्हावे. विलंबाची सबब चालणार नाही."

आईने आमटीची डाळ निवडून ठेवली आहे. पुण्याहून यायला वेळ लागतो म्हटलं, तर ऐकत नाही.

हुकमाची तामिली बघायला उंबऱ्यात निरांजन घेऊन उभी असलेली,
तुझी निरू